बिल्ड सर्व्हर : संगणकाच्या कारखान्यातील तपासणी खाते

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार एकाएकी अडले. यूपीआयने पैसे जाईनात की येईनात. दुकानात गिऱ्हाईक उभे, माल बांधून तयार आणि मोबाईलवर मात्र चाक फिरते आहे, असा प्रकार झाला. या बँका मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण होत्या, म्हणजे ज्यांत आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची खाती असतात त्याच. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. परंतु ज्याचे एकमेव खाते अशा बँकेत, त्याचा तर सगळाच धंदा थांबला.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्या दिवशी जाहीर केले की, या बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर हल्ला झाल्याची शक्यता आहे, म्हणून त्या कंपनीला देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडण्यात आले आहे. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. पुढे क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेने आपला तपास प्रसिद्ध केला. त्यांच्या म्हणण्यानुसार हल्ल्याची सुरुवात बँकेत झाली नाही, सी-एजमध्येही झाली नाही. ती झाली सी-एजबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीतील, नीट बंदोबस्त न केलेल्या एका 'जेन्किन्स' सर्व्हरमधून.

हे जेन्किन्स म्हणजे काय? त्याला 'बिल्ड सर्व्हर' म्हणतात. ते वेळच्या वेळी सुधारले नाही तर काय होते, आणि त्याचे काम लिहून का ठेवावे लागते? प्रस्तुत लेखात हा विषय आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेण्याचा प्रयत्न आहे. कोणी म्हणेल, कापडाच्या दुकानदाराला याच्याशी काय करायचे? त्याचे उत्तर वरच्या घटनेतच आहे. आज आपले बिल, आपला स्टॉक, आपली उधारी आणि आपली बँक या सर्व गोष्टी कोणी तरी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतात. तो प्रोग्राम ज्या कारखान्यात तयार होतो, तो कारखाना कसा चालतो हे ढोबळमानाने माहीत असणे आता व्यापाऱ्याच्या गरजेचे झाले आहे.

कारखाना कसा चालतो?

भिवंडीचे उदाहरण घ्या. एका शेडमध्ये चोवीस यंत्रमाग आहेत. प्रत्येक मागावर कापड विणले जाते. ते कापड तसेच बाजारात जात नाही. आधी ते तपासले जाते. धागा तुटला आहे का, कुठे दोन धागे एकत्र गेले आहेत का, पन्हा बरोबर आहे का, हे पाहिले जाते. मग मोजणी, घडी, शिक्का आणि गाठ. तपासणी रोजच्या रोज झाली तर कोणता माग बिघडला हे त्याच दिवशी कळते. महिनाभर न पाहता माल साठवला आणि शेवटी एकदम उघडला, तर खराबी कोणत्या मागावरची, कोणत्या पाळीतली, कोणत्या बीमची, काही कळत नाही. सगळा माल फेंटमध्ये जातो.

प्रोग्रामचेही असेच आहे. एक बिलिंगचा प्रोग्राम पाच-दहा तरुण मिळून लिहितात. एक जण कराचा हिशोब लिहितो, दुसरा स्टॉकचा, तिसरा छपाईचा. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी बरोबर असले तरी एकत्र केल्यावर बसेलच असे नाही. पूर्वी पद्धत अशी होती की, सर्वांनी महिना-दोन महिने आपापले काम करायचे आणि शेवटी सारे एकत्र जोडायचे. जोडताना भांडणे, रात्रपाळ्या आणि उशीर ठरलेला.

म्हणून नवी पद्धत आली. प्रत्येकाने आपले काम दररोज, शक्य तर दिवसातून अनेकदा, एका सामाईक कोठारात जमा करावे आणि प्रत्येक वेळी संपूर्ण प्रोग्राम पुन्हा बांधून तपासावा. याला इंग्रजीत 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात. आपण 'सततची जोडणी' म्हणू. केंट बेक यांच्या 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' या कार्यपद्धतीतून हा विचार पसरला, आणि सन २००० मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने तो सर्वांपर्यंत पोहोचवला. २००१ मध्ये 'क्रूझ कंट्रोल' नावाचे याच कामाचे साधन आले.

दिवसातून वीस वेळा हाताने बांधणी आणि तपासणी करणे माणसाला शक्य नाही. ते काम ज्या संगणकावर सोपवले जाते तो बिल्ड सर्व्हर. कोठारात नवे काम आले की तो ते उचलतो, प्रोग्राम बांधतो, ठरलेल्या सर्व तपासण्या करतो, पास झाला तर गाठ बांधून ठेवतो आणि नापास झाला तर कोणाच्या कोणत्या बदलामुळे नापास झाला ते लगेच कळवतो. म्हणजे तो एकाच वेळी जॉबर, तपासनीस आणि घडीवाला आहे.

जेन्किन्सचा थोडा इतिहास

या कामासाठी जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या साधनांपैकी एक म्हणजे जेन्किन्स. कोहसुके कावागुची हे जपानी प्रोग्रामर अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत काम करीत होते. त्यांनी २००४ च्या सुमारास स्वतःच्या सोयीसाठी 'हडसन' या नावाने ते लिहिण्यास सुरुवात केली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली. नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि २०११ च्या आरंभी ते लिहिणाऱ्या-वापरणाऱ्या मंडळींनी मतदान करून त्याच कामाला जेन्किन्स हे नवे नाव दिले. पाटी बदलली, पण कारागीर आणि गिऱ्हाईक बरोबर आले म्हणून दुकान चालू राहिले. हा प्रकार आपल्या बाजारात नवा नाही.

जेन्किन्स फुकट मिळते आणि त्याचा मूळ मजकूरही सर्वांना खुला आहे. त्याला निरनिराळ्या कामांसाठी 'प्लगइन' नावाचे जोडभाग लावता येतात आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास आहे. हीच त्याची ताकद आहे आणि डोकेदुखीही हीच. मागाला डॉबी लावली, जॅकार्ड लावले, पेटी वाढवली की तो नाना प्रकारची डिझाइन काढतो. परंतु बिघडण्याच्या जागाही तितक्याच वाढतात.

भोक कुठे होते?

आता मूळ घटनेकडे वळू. २४ जानेवारी २०२४ रोजी जेन्किन्सच्या मंडळींनी स्वतःच जाहीर केले की, त्यांच्या प्रोग्राममध्ये एक गंभीर भोक सापडले आहे. सर्व्हरला दुरून आज्ञा देण्याची जी सोय आहे, तिच्यात आज्ञेबरोबर 'अ‍ॅट' हे चिन्ह आणि पुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, तर सर्व्हर ती फाइल उघडून तिच्यातला मजकूर आज्ञेत घालत असे. परिणामी ज्याला आत येण्याची परवानगी नाही असा माणूससुद्धा काही फाइलींच्या पहिल्या ओळी वाचू शकत होता. वाचण्याची परवानगी असलेल्याला तर पूर्ण फाइल मिळत होती. अशाच फाइलींत पुढच्या दारांच्या किल्ल्या असू शकतात. किल्ली हाती लागली की चोर पुढच्या खोलीत.

हे भोक बुजविणारी आवृत्ती त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. साप्ताहिक मालिकेत २.४४२ आणि स्थिर मालिकेत २.४२६.३. क्लाउडसेकच्या म्हणण्यानुसार जुलैच्या हल्ल्यात हेच भोक वापरले गेले. ते खरे धरले तर कुलूप बाजारात येऊन सहा महिने झाले होते आणि दाराला लावलेले नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही हे भोक, ज्यांचा प्रत्यक्ष गैरवापर होत आहे अशा भोकांच्या आपल्या यादीत टाकले.

बिल्ड सर्व्हर हा चोराला विशेष आवडण्याचे कारण सोपे आहे. त्याच्याकडे सर्वांच्या किल्ल्या असतात. कोठाराची किल्ली, तपासणीच्या डेटाबेसची किल्ली, तयार माल जिथे पाठवायचा त्या सर्व्हरची किल्ली. ही सर्व अमानत एकाच मुनीमाच्या कमरेला. २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्स या कंपनीच्या बाबतीत याहून वाईट झाले. चोरांनी त्यांच्या बांधणीच्या यंत्रणेतच शिरून, प्रोग्राम बांधला जात असताना त्यात आपला विषारी भाग मिसळला. कंपनीने त्यावर आपली खरी सही करून तो गिऱ्हाइकांना पाठवला. सुमारे १८,००० पर्यंत गिऱ्हाइकांकडे तो गेला असावा, असे कंपनीने सांगितले. शिक्का खरा होता, गाठही खरी होती, पण आतला माल दूषित होता.

सुधारणा का टळते?

मग लोक सर्व्हर सुधारत का नाहीत? हा प्रश्न मी माझ्या भाच्याला विचारला. तो डहाणूत शिकला आणि आता बिलिंगचे प्रोग्राम करणाऱ्या एका लहान कंपनीत कामाला आहे. तो म्हणाला, "मामू, सर्व्हर चालू आहे तोवर त्याला हात लावायला सगळे घाबरतात. तो ज्याने बसवला तो नोकरी सोडून गेला. कुठे काय जोडले आहे कोणालाच माहीत नाही. सुधारला आणि बंद पडला तर दोष हात लावणाऱ्याचा."

मला माझ्या वडिलांच्या वेळचा एक जॉबर आठवला. माग कसा बसवला, कोणता वॉशर कुठे घातला, हे फक्त त्याच्या डोक्यात होते. तो गावी गेला की दोन माग बंद. भाच्याची अडचण आणि ती अडचण एकच. म्हणून सुधारणा आणि लिहून ठेवणे ही दोन कामे वेगळी नाहीत. लिहिलेले नसेल तर सुधारणेची भीती वाटते आणि सुधारणा झाली नाही तर भोक उघडे राहते.

सुधारणा कशी करावी?

या कामाचा एक क्रम जाणकारांत ठरलेला आहे. तो असा :

१) कोणती मालिका घ्यायची ते ठरवावे. जेन्किन्सच्या दोन मालिका निघतात. एक दर आठवड्याची, नवी नवी. दुसरी स्थिर, जिचा नवा पाया दर १२ आठवड्यांनी ठरतो आणि मधल्या काळात दर ४ आठवड्यांनी दुरुस्त्या येतात. ज्याच्या कामावर गिऱ्हाइकांचा धंदा अवलंबून आहे त्याने स्थिर मालिका घ्यावी आणि दुरुस्त्या सोडू नयेत.

२) आहे त्याची यादी करावी. जेन्किन्सची कोणती आवृत्ती, कोणते प्लगइन, त्यांच्या कोणत्या आवृत्त्या, किती कामे लावलेली आहेत. निम्मे प्लगइन कोणी तरी कधी तरी बसवलेले आणि आज बिनकामाचे निघतात. ते काढून टाकावेत. जितके सामान कमी, तितके स्थलांतर सोपे.

३) नक्कल घ्यावी. जेन्किन्सची सगळी मांडणी, कामांची यादी आणि नोंदी एकाच मुख्य फोल्डरमध्ये असतात. त्याची पूर्ण नक्कल दुसऱ्या जागी ठेवावी. मात्र गुप्त शब्द ज्या मुख्य किल्लीने बंद केलेले असतात ती किल्ली त्या नकलेबरोबर ठेवू नये, वेगळी आणि सुरक्षित ठेवावी. तिजोरी आणि तिची चावी एकाच गाठोड्यात बांधून पाठवणे शहाणपणाचे नाही. नक्कल घेऊन थांबू नये. तिच्यावरून दुसऱ्या संगणकावर सर्व्हर उभा राहतो का, ते पाहावे. न उघडून पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजलेली थप्पी.

४) खालचा पाया पाहावा. जेन्किन्स हे 'जावा' या व्यवस्थेवर चालते. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या २.४७९.१ या स्थिर आवृत्तीपासून त्याला जावा १७ किंवा त्यापुढची लागू लागली. त्याआधी २०२२ मध्ये अशीच जावा ११ ची अट आली होती. ही अट पुढेही वाढत जाणार. ज्याने दोन-तीन वर्षे काहीच केले नाही, त्याला एकदम जावा, जेन्किन्स आणि सारे प्लगइन बदलावे लागतात आणि मग बिघाड कशाने झाला ते कळत नाही. जो दर तीन महिन्यांनी थोडे थोडे करतो त्याचे अर्ध्या दिवसात उरकते.

५) आधी नकलेवर तालीम करावी. वर उभा केलेला दुसरा सर्व्हर आधी सुधारावा. एका वेळी एकच बदल. आधी जावा, मग जेन्किन्स, मग प्लगइन. प्रत्येक टप्प्यानंतर दोन-तीन नेहमीची कामे चालवून पाहावीत. हे करताना दुसऱ्या सर्व्हरला खऱ्या ठिकाणी माल पाठवण्याची परवानगी नसावी. नाही तर तालमीतला माल गिऱ्हाइकाकडे जायचा.

६) खऱ्या सर्व्हरची वेळ ठरवून करावी. गर्दीची वेळ टाळावी आणि सर्वांना आदल्या दिवशी सांगावे. जेन्किन्समध्ये नवी कामे घेणे थांबवून चालू कामे पूर्ण होऊ देण्याची सोय आहे, ती वापरावी. चालत्या मागाचा पट्टा काढू नये.

७) परतीची वाट ठेवावी. जुन्या आवृत्तीची फाइल आणि सुधारणेच्या लगेच आधी घेतलेली नक्कल हाताशी असावी. एका तासात जमले नाही तर मागे फिरायचे, असे आधीच ठरवावे. रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाने घेतलेले निर्णय सहसा महाग पडतात.

८) दार तपासावे. बिल्ड सर्व्हर इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा ठेवू नये. तो आतल्या जाळ्यात असावा, प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे आणि ज्याला जेवढे काम तेवढीच परवानगी.

लिहून ठेवणे म्हणजे काय?

आता दुसरा भाग. जेन्किन्समध्ये पूर्वी प्रत्येक काम पडद्यावर खुणा करून, रकाने भरून लावले जाई. त्यामुळे कोणी, केव्हा, काय बदलले ते नंतर सहज सापडत नसे. एप्रिल २०१६ मध्ये जेन्किन्स २.० आले आणि कामाचा संपूर्ण क्रम एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत पुढे आली. त्या फाइलला 'जेन्किन्सफाइल' म्हणतात. ती प्रोग्रामबरोबरच, त्याच कोठारात राहते. कोणी एक ओळ बदलली तरी नाव, तारीख आणि कारण यांची नोंद राहते.

कापडाच्या माणसाला हे लगेच समजावे. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड यांनी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग सिद्ध केला. त्याआधी बुट्टी विणायला कोणते धागे केव्हा उचलायचे हे माणसांच्या हाताने आणि ध्यानाने होत असे. जॅकार्डने ते पुठ्ठ्यांवर उतरवले. पुठ्ठ्यांची माळ तीच असली की मागावर कोणीही बसो, बुट्टी तीच निघते. डिझाइन बदलायचे तर माणूस बदलायला नको, पुठ्ठा बदला. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. म्हणजे संगणकवाल्यांनी जी गोष्ट विणकराकडून घेतली, तीच ते आज बिल्ड सर्व्हरसाठी पुन्हा वापरीत आहेत.

जेन्किन्सफाइलमध्ये टप्पे असतात. साध्या भाषेत तिचा मजकूर असा असतो : पहिला टप्पा, कोठारातून माल आणा. दुसरा, प्रोग्राम बांधा. तिसरा, सर्व तपासण्या चालवा. चौथा, पास झाला तरच गाठ बांधून तिच्यावर क्रमांक घाला. पाचवा, जबाबदार माणसाने हो म्हटल्यावरच सर्व ठिकाणी पाठवा. कोणताही टप्पा नापास झाला तर तिथेच थांबा आणि कळवा. यात एक पथ्य महत्त्वाचे आहे. गुप्त शब्द या फाइलमध्ये लिहू नयेत. त्यांची जागा सर्व्हरच्या तिजोरीत. फाइलमध्ये फक्त 'अमुक नावाची किल्ली वापरा' एवढेच असावे.

लिहिलेला क्रम नसेल तर काय होते याचे सर्वांत महागडे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील मोठी दलाल कंपनी होती. २०१२ मध्ये तिने आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवला. चढवणाऱ्या माणसाकडून सातच सर्व्हर झाले, आठवा राहिला. आठव्यावर जुना, वर्षानुवर्षे न वापरलेला भाग जिवंत होता. १ ऑगस्टला बाजार उघडताच तो जागा झाला आणि भरमसाट सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१३ मध्ये आपल्या आदेशात नमूद केले की, दुसऱ्या माणसाने काम तपासावे असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. शिवाय बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने चुकीची सूचना देणाऱ्या ९७ ई-मेल पाठवल्या होत्या. त्यांच्यावर कोणी काही केले नाही. यंत्र ओरडत होते, ऐकणारे कोणी नव्हते.

आठही सर्व्हरवर चढवण्याचे काम एका लिहिलेल्या क्रमाने यंत्राकडून झाले असते आणि शेवटी 'आठही सारखे आहेत का' ही एक तपासणी असती, तर हा प्रकार टळण्याची मोठी शक्यता होती.

आपल्या दुकानातले उदाहरण

दूरच्या गोष्टी झाल्या. आता घरची. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांसाठी आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असे होते. नव्या व्यवस्थेत नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जास्त असल्यास १८ टक्के झाले. सणासुदीचे दिवस तोंडावर आणि देशभरातल्या प्रत्येक बिलिंग प्रोग्राममध्ये एकाच रात्रीत बदल.

माझ्या दुकानातला प्रोग्राम ज्या कंपनीचा आहे तिनेही बदल पाठवला. पहिल्याच दिवशी बरोबर २,५०० रुपये किमतीच्या एका घागऱ्यावर १८ टक्के कर लागला. १२५ रुपयांच्या जागी ४५० रुपये. गिऱ्हाईक रोजचे होते, तिने बिल बघून विचारले, "भाईजान, हे कसे?" मी हाताने नवे बिल केले. पण न विचारणारी दहा गिऱ्हाइके आली असती तर ३,२५० रुपये जास्त घेतले गेले असते, तेही माझ्या पावतीवर. हिशोबात आणि लोकांत, दोन्ही ठिकाणी जबाब मलाच द्यावा लागला असता.

भाच्याला फोन केला. त्याने सांगितले, "मामू, लिहिणाऱ्याने 'दोन हजार पाचशेपेक्षा कमी' असे लिहिले असेल. 'दोन हजार पाचशेपर्यंत' असे लिहायला हवे होते." एका शब्दाचा फरक. अशी चूक माणसाकडून होणारच. प्रश्न हा की, ती माझ्या गल्ल्यावर सापडावी की कंपनीच्या बिल्ड सर्व्हरवर?

त्या सर्व्हरवर पाच लहान तपासण्या लिहिलेल्या असत्या तर पुरे होते. २,४९९ चा नग, कर ५ टक्के हवा. बरोबर २,५०० चा नग, ५ टक्के हवा. २,५०१ चा नग, १८ टक्के हवा. २,८०० चा नग, बिलातच ३०० रुपये सूट दाखवलेली, ५ टक्के हवा. आणि २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला, नंतर परत आलेला नग, त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने हवी. या तपासण्या एकदा लिहिल्या की दर बदलो, माणसे बदलोत, सर्व्हर प्रत्येक बांधणीत त्या निमूटपणे करीत राहतो. दुसरी तपासणी नापास झाली असती तर तो प्रोग्राम कंपनीच्या बाहेरच पडला नसता.

यात आपल्या कामाचा एक मुद्दा आहे. या पाच तपासण्या कोणत्याही प्रोग्रामरला आपोआप सुचत नाहीत. त्या गल्ल्यावर बसणाऱ्याला माहीत असतात. म्हणून मी त्या मराठीत एका कागदावर लिहून त्या कंपनीकडे पाठवल्या. आठवड्याने उत्तर आले की, त्या त्यांच्या यंत्रणेत घातल्या आहेत. तेव्हापासून बदल आला की माझी धडधड थोडी कमी झाली आहे.

आपण काय विचारावे?

बिलिंगचा, स्टॉकचा किंवा उधारीचा प्रोग्राम विकत घेताना आपण फक्त किंमत विचारतो. यापुढे विकणाऱ्याला आणखी काही प्रश्न विचारावेत :

१) नवा बदल पाठवण्याआधी तो आपोआप तपासला जातो की कोणी हाताने पाहतो?
२) करांच्या सीमेवरच्या किमतींची तपासणी त्यात आहे का? आम्ही उदाहरणे दिली तर घालाल का?
३) तुमचा बिल्ड सर्व्हर शेवटचा केव्हा सुधारला? तो बाहेरून दिसतो का?
४) बदल फसला तर मागची आवृत्ती किती वेळात परत देता?
५) हे काम पाहणारा माणूस उद्या गेला तर दुसऱ्याला ते लिहिलेले सापडेल का?

जो कंपनीवाला या प्रश्नांवर चिडेल, त्याच्याकडे उत्तरे नाहीत असे समजावे. जो शांतपणे उत्तर देईल, त्याला दोन पैसे जास्त दिले तरी ते वाया जाणार नाहीत.

आणि ज्यांच्या घरात संगणक शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या भागात वाढवण येथे मोठे बंदर होत आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. परंतु बंदर असो वा नसो, डहाणू-तलासरीच्या तरुणाला उद्या जे काम मिळणार त्यात असे सर्व्हर सांभाळण्याचे काम नक्की असेल. जेन्किन्स फुकट आहे, साध्या संगणकावर चालते आणि घरी बसून शिकता येते. एखाद्या जुन्या संगणकावर ते बसवावे, एक लहान प्रोग्राम लावावा, त्याचा क्रम फाइलमध्ये लिहावा, मग मुद्दाम सुधारणा करून, बिघडवून, नकलेवरून परत उभे करून पाहावे. हा तजुर्बा कोणत्याही प्रमाणपत्राइतकाच उपयोगी पडेल.

जुने व्यापारी दुकान बंद करण्याआधी दोन गोष्टी करीत. कुलूप ओढून पाहत आणि दिवसाचा हिशोब वहीत उतरवत. बिल्ड सर्व्हरच्या बाबतीतही हीच दोन कामे आहेत. कुलूप नवे आहे का, ते ओढून पाहणे, आणि काम कसे होते ते वहीत उतरवणे. ३१ जुलै २०२४ ला ज्यांचे पैसे अडले त्यांनी यातली कोणतीही चूक केली नव्हती. ती कोणी तरी दूर, न पाहिलेल्या खोलीत केली होती. म्हणूनच त्या खोलीबद्दल विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.